परतूरच्या तंबूतली लाथ

मी न पाहिलेल्या सिनेमाविरुद्ध पत्रक काढलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ते शोधून काढल्याचा आनंद पुढं कुणाला मिळायला नको.

परतूरला त्या हिवाळ्यात फिरता तंबू आला होता. कापसाच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत तो उभा राहिला आणि पहिल्याच आठवड्यात त्यात इंग्रजी सिनेमा लागला. विलायतेतला, चोर-पोलिसांचा, मारामारीचा आणि हसवणारा. आमच्या तरुण मंडळातला एक जण पहिल्याच दिवशी बघून आला आणि मला म्हणाला, "साहेब जिन्यावरून पगडीवाल्याला लाथ घालतो. आपला माणूस गडगडत खाली जातो. आन् सगळा तंबू पोट धरून हसतो."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. सभेत बोलायला उभा राहिलो तर माझे शब्द अडायचे, पण पत्रक लिहिताना कधी अडलो नाही. गोरा निघून गेला, निजाम गेला, कचेरीत मराठी अर्ज घ्यायला लागले, आणि आम्ही अजून आपल्याच माणसाच्या ढुंगणावर बसलेली लाथ बघून हसतो? त्याच बैठकीत मजकूर लिहिला. वर मोठ्या ठशात: "परतूरकरांनो, कुणाला हसताय?" सकाळच्या गाडीनं जालन्याला गेलो, छापून घेतलं, संध्याकाळच्या गाडीनं गठ्ठा घेऊन परत आलो.

सोमवारी पत्रकं वाटली आणि तहसील कचेरीत अर्ज दिला, की हा सिनेमा बंद करावा, नाही तर तंबूचा परवाना रद्द करावा. तहसीलदार शांत माणूस. त्यांनी अर्ज वाचला, पत्रक वाचलं, आणि विचारलं, "आपण बघितला?"

"ऐकलंय."

"मंग बघा. आणि ज्यांचा अपमान झाला अशा दहा लोकांच्या सह्या-अंगठे गुरुवारी घेऊन या. दहा भरले की त्याच दिवशी तंबू उठवतो. नाही भरले तर अर्ज दफ्तरी दाखल करून ठेवतो." दाखल करून ठेवणं म्हणजे काय, ते कचेरीत जाणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

दहा माणसं. ज्या गावात शेकडो लोक तो सिनेमा बघत होते, तिथं संतापलेले दहा मिळत नाहीत, असं थोडंच आहे?

त्याच संध्याकाळी तंबूत गेलो. ज्यांनी असा तंबू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पडदा एका टोकाला नसायचा, मधोमध टांगलेला असायचा. अलीकडं पुरुष, पलीकडं बायका. खेळ सुरू व्हायच्या आधी एक माणूस पडद्यावर पाणी मारायचा, कारण ओल्या कापडातून उजेड आरपार जातो आणि पलीकडं चित्र नीट उमटतं. फक्त उलटं. बायकांच्या बाजूला सगळं जग डावरं असायचं. आणि इंग्रजी सिनेमा असला की आमच्या बाजूला, पडद्याशेजारी, खुर्चीवर एक माणूस कर्णा घेऊन बसायचा. तो गोष्ट सांगायचा. मूळ आवाज बारीक केलेला असायचा, कारण तो कुणाला समजत नव्हता. माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. गोऱ्यांच्या तोंडून ते मलाही कळत नव्हतं. लोक त्या सांगणाऱ्याला मास्तर म्हणायचे.

मास्तरांचा आवाज खणखणीत. अर्धी मराठी, अर्धी हैदराबादी. "ये देखो, दोन चोर. एक लंबा, एक बुटका. ह्यो जाडा साहेब. याच्या घरात तिजोरी, तिजोरीत हिरा." पुढं मोटारीनं पाठलाग, दुधाच्या किटल्या उडाल्या, एक म्हातारी छत्रीनं शिपायाला बडवते, पोलीस अंमलदार डबक्यात पडतो. मी न हसण्याचं ठरवून बसलो होतो आणि म्हातारीच्या छत्रीपाशी हरलो.

मग तो जिना आला. वर साहेब, त्याच्यासमोर पगडीवाला नोकर. कर्णा कडाडला: "साहेबानं घातली लाथ. गेला, गेला, पगडीवाला गेला." नोकर गडगडत खाली. तंबू हसण्यानं हलला. मी ती लाथ डोळ्यांनी पाहिली. शपथेवर सांगितलं असतं. साहेबाचा बूट कमरेत बसला तोही पाहिला. त्या क्षणी मला माझं पत्रक फार सौम्य वाटलं.

मंगळवारी कागद घेऊन दहा माणसं गोळा करायला निघालो.

पहिले भेटले ते वाटूरचे एक म्हातारे. बैलगाडीत कापूस भरून आले होते. मी विचारलं, सिनेमा बघून काय वाटलं?

"तिसऱ्यांदा बघून राह्यलो," ते म्हणाले.

"तिसऱ्यांदा? का?"

"तो पोलीस साहेब डबक्यात पडतो ना, त्यासाठी. जलमभर आपण पडलो. ते काय बघायचं. साहेब पडताना कुठं बघायला भेटतो?"

"आणि लाथ?"

"ती हाय. पण डबकं बी हाय की." त्यांनी माझ्या हातातला कागद पाहिला. "अंगठा कशाला पाह्यजे? तंबू उठवायला? मंग मी चौथ्यांदा कुठं बघू?"

सरकी काढायच्या कारखान्यातला फिटर माझ्या वर्गातला. त्यानं सगळा सिनेमा फक्त मोटारीसाठी पाहिला होता. ब्रेक नसलेली मोटार उतारावरून धावते. तो माझ्यासमोर खडूनं जमिनीवर तिचं चाक काढून दाखवायला लागला. मी म्हणालो, "अरे, तिथं आपल्या माणसाला लाथ घालतेत." तो म्हणाला, "कुठं? मोटारीत?" त्याला जिनाच आठवत नव्हता.

मग धान्याच्या अडतीवरचे शेठ. यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठ आमच्यापेक्षा जास्त परतूरचे. त्यांनी पत्रक वाचलेलं होतं. घडी घालून गादीखाली ठेवलेलं होतं.

"लिहिता बराबर तुम्ही," ते म्हणाले. "पण माझं एक कोडं सोडवा, मंग सही देतो. ती तिजोरी. भिंतीतली, पोलादाची. कुलूप तोडलं न्हाई, पहार लावली न्हाई. त्या दोन चोरांनी जाऊन सरळ उघडली. चावी साहेबाच्या खिशात. मंग उघडली कशी?"

"शेठ, मी अपमानाचं विचारतोय."

"आणि मी तिजोरीचं. दोन रात्री झोप न्हाई. सिनेमावाले असे बिलकुल येडे नसतेत. कुठं तरी दाखवलेलं असणार. आपल्यालाच दिसलं न्हाई."

सही मिळाली नाही. दुपारपर्यंत कागदावर फक्त दोन नावं होती, मंडळातल्याच दोघांची. त्यातल्या एकानं सिनेमा पाहिलाच नव्हता.

घरी जेवायला बसलो तेव्हा तोंड उतरलेलं असणार. वहिनींनी भाकरी वाढता वाढता विचारलं, "किती झाले?"

"दोन."

"मला विचारलं न्हाई तुम्ही. मी बी पाह्यला की. शेजारच्या दोघींसंगं शनिवारी गेल्ते."

खरं सांगायचं तर मला ते सुचलंच नव्हतं. स्त्रियांच्या हक्कांवर माझं एक स्वतंत्र पत्रक होतं, आणि तरी दहा माणसं मोजताना मी पडद्याची एकच बाजू मोजत होतो.

"मग सांगा. त्या पगडीवाल्याला लाथ घातली, तेव्हा काय वाटलं?"

वहिनी थांबल्या. "कोणती लाथ?"

"जिन्यावरची."

"तिथं कुठं लाथ हाय, भावजी? साहेब पाय उचलतो, पण त्या आधीच ह्यो मुद्दाम पडतो. पडता पडता साहेबाच्या कोटाला लटकतो आन् खिशातून चाव्या काढतो. मंग खाली चोरांना देतो. तो त्यांच्यातलाच हाय. आम्ही तर तिथंच हसलो. लई हुशार मानूस."

"वहिनी, सगळ्या तंबूनं लाथ पाहिली."

"तुमच्या बाजूला तो कर्णा वरडतो. आमच्याकडं त्याचं एक अक्षर नीट येत न्हाई. आम्ही नुसतं बघतो." त्यांनी माझ्या ताटात चटणी वाढली. "तो डाव्या हातानं चाव्या काढतो. म्हणजे तुमच्याकडून उजव्या."

भाकरी तशीच राहिली. शेठचं कुलूप माझ्या डोक्यात फिरायला लागलं.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा तंबूत. वाटेत बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या होत्या. एकीतून दोन बोंडांचा कापूस घेतला, सरकी काढली आणि दोन्ही कानांत बोळे घट्ट बसवले. शेजारच्यानं विचारलं असावं, काय झालं. मी कानाला हात लावून दाखवलं, ठणकतोय म्हणून.

सिनेमा मुका झाला, आणि नवाच झाला. मला कळेना की पहिल्या वेळी मी काय पाहिलं होतं. लंब्या चोराचे डोळे, साहेबाचा कोटाच्या खिशावरून सारखा फिरणारा हात, नोकराचं त्या हाताकडं बघणं. हे सगळं तिथं होतं. मग जिना. मी पुढं वाकलो. साहेबाचा पाय उठला. नोकर त्या आधीच कलला. बूट आणि कंबर यांच्यात चांगलं वीतभर अंतर होतं. आणि उजवा हात कोटात शिरून बाहेर आला.

माझ्या चहूबाजूंनी तोंडं उघडली होती, खांदे हलत होते. कानात कापूस असतानाही ते हसणं मला जमिनीतून जाणवलं. ते न झालेल्या लाथेला हसत होते. मी न झालेल्या लाथेवर पत्रक छापलं होतं.

गुरुवारी कचेरीत जाण्याआधी मास्तरांकडं गेलो. तंबूमागं दाढी करत बसले होते. मी सरळच विचारलं, लाथ कुठून आणली?

ते नाकारतील असं वाटलं होतं. त्यांनी साबणाचा फेस पुसला. "तुम्हाला दिसली न्हाई?"

"दिसली. तुम्ही सांगितली म्हणून दिसली. काल कानात बोळे घालून बसलो, तर नाही दिसली."

त्यांनी आरसा बाजूला ठेवला. "भाऊ, मला इंग्रजी येत न्हाई. पहिल्या खेळाला आपल्यासारखाच बघतो, आन् जे दिसलं ते बोलतो. सिकंदराबादला मी साहेबाकडं अकरा वर्षं पट्टेवाला होतो. वर साहेब, समोर पगडीवाला, साहेबानं पाय उचलला. मला दुसरं काय दिसणार?"

मी संतापून आलो होतो. "मग लोकांना हसायला का लावलं?"

"मी न्हाई लावलं. मी पहिल्या दिवशी हळू सांगितलं होतं. तेच हसले. मंग मी जोरात सांगायला लागलो." वस्तरा पाण्यात बुडवून त्यांनी विचारलं, "आज कचेरीत काय सांगणार? तंबू उठला तर मालक पहिला मला काढणार. पुढच्या गावाला हिंदी सिनेमा हाय, तिथं मी लागत न्हाई."

मी तसाच कचेरीकडं निघालो. माझं मंडळ कचेरीच्या दारात उभं होतं. त्यांनी रातोरात सह्या दहा करून आणल्या होत्या. कशा, ते विचारण्याची गरज नव्हती. मी 'हो' म्हणालो असतो तर दुपारपर्यंत खुंट्या उपटल्या असत्या आणि माझं पत्रक खरं ठरलं असतं. छापील शब्दावर माझा तोवर असा विश्वास होता, की खोटा निघालेला शब्दसुद्धा सहज मागं घ्यावासा वाटेना.

तहसीलदारांनी विचारलं, "बघितला?"

"दोनदा. साहेब, लाथ लागलेली नाही. माझं पत्रक चूक आहे. अर्ज मागं घेतो."

मंडळातला एक जण मागून हळूच पण सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तंबूवाल्यानं चहा पाजला वाटतं."

तहसीलदारांनी मान डोलावली. "मंग काही तक्रार नाही."

"सिनेमाबद्दल नाही. पण लाथ बसली असं समजून लोक हसले. ते मला अजून खटकतं."

"हसण्याबद्दल माझ्याकडं कलम नाही," ते म्हणाले आणि अर्ज मागं घेतल्याचं माझ्याकडून अर्जावरच लिहून घेतलं.

शुक्रवारी दुसरं पत्रक आणलं. मंडळाच्या नावानं छापायला मंडळानं मनाई केली, म्हणून माझ्या एकट्याच्या नावानं. "लाथ लागली नाही. मी न बघता लिहिलं. आपण बघूनही चुकलो. पुन्हा बघा." शेठनी ते उभ्यानं वाचलं, डोळे मोठे केले आणि फक्त एवढंच म्हणाले, "खिशातून काढली. असं होय."

शनिवारी शेवटचा खेळ होता. तंबू तुडुंब. मी आणि फिटर पुढं बसलो. त्याला अजून मोटारच बघायची होती. मास्तर नेहमीसारखे बोलत होते. जिना आला. साहेबानं पाय उचलला, आणि मास्तरांनी कर्णा मांडीवर ठेवला. एक शब्द नाही. नोकर गडगडत खाली गेला. आमची बाजू गप्प. कुणालाच कळेना, इथं काय करायचं असतं.

मग पडद्याच्या पलीकडून हसणं आलं. बांगड्यांसकट, मोकळं, टाळ्या वाजवत.

फिटर माझ्याकडं वळला. "बायका कशाला हसून राह्यल्या?"

"खिशाकडं बघ."

"कुणाच्या?"

"साहेबाच्या," मी म्हणालो.