शुभविवाह ग्रुपवरचा न्याय

परवा मोबाईलनं मला दम दिला, "स्टोरेज फुल!" बसलो डिलीट करत. गुड मॉर्निंगची फुलं गेली, देवदर्शनाचे व्हिडिओ गेले आणि मग एका ग्रुपवर येऊन बोट थांबलं. जरा वर सरकवून जुनं वाचायला लागलो, तर दुकानात एकटाच हसत सुटलो. समोर एक गिऱ्हाईक जळकी मोटार घेऊन उभं होतं. ते म्हणालं, "भाऊ, तुमचीबी वायंडिंग गेली का?"

आता तुम्हीच सांगा, असलं डिलीट कसं करायचं? धूळ खात पडलेल्या मोटारींसारखे किस्से साठतात नुसते!

माझं राजुरीत मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. हा ग्रुप मीच काढला होता, माझ्या चुलत बहिणीच्या, सारिकाच्या लग्नात. मांडव कधी येणार, आचारी कुठं अडकला, हे सगळं त्यावर चालायचं. नाव ठेवलं 'सारिका-महेश शुभविवाह'. लग्न झालं, सारिका पेठला नांदायला गेली, पण ग्रुप कुणी बंद केला नाही. एक दिवस हळदीच्या फोटोखाली कुणीतरी कांदा निर्यातबंदीची बातमी टाकली. झालं! तेव्हापासून राजकारण, आयात-निर्यात, माणसाचे हक्क, चंद्र-सूर्य, सगळ्यावर कडाक्याचे वाद! आणि वर डीपीत मुंडावळ्या बांधून सारिका आणि महेश हसत बसलेले.

बरं, चिडून बाहेर पडायचीही सोय नाही. "अमुक अमुक शुभविवाहातून बाहेर पडले" असं सगळ्यांना दिसलं तर केवढा अपशकुन! त्यामुळे आमच्या ग्रुपमधून आजवर एकही माणूस गेलेला नाही.

*

या ग्रुपचे दोन पहिलवान. एक माझा चुलता बाळूकाका, म्हणजे सारिकाचे वडील. कांदा, द्राक्ष आणि जन्मजात विरोधी पक्ष. दुसरे सारिकाचे सासरे, पेठचे रामभाऊ. आयुष्यभर सरकारी कचेरीत कारकुनी केलेली, त्यामुळे कागदावर असेल तेच खरं.

आता हे दोघे पडले व्याही. व्याह्याला वेडंवाकडं बोलता येत नाही, आणि वाद तर घालायचाय! मग व्हायचं काय, तर रामभाऊ लिहायचे, "पावणं, आपला मुद्दा संपूर्ण निराधार आहे. राग नसावा. घरच्यांना नमस्कार."

आणि बाळूकाका उत्तर द्यायचा, "पावणं, आपल्या डोक्यात बटाटे भरले आहेत. कधी येताय? जेवायलाच या."

ग्रुपचा पहिला नियम होता, शिवीगाळ चालणार नाही. डोक्यात बटाटे ही शिवी धरायची का, यावर दोन दिवस वेगळा वाद झाला. शेवटी मी ॲडमिन म्हणून निकाल दिला, "पुढे जेवणाचं आमंत्रण असेल तर शिवी धरू नये." दोघांनीही तो मान्य केला.

*

दुसरा नियम, फॉरवर्ड टाकायचे नाहीत. आणि तिसरा नियम खास रामभाऊंनी घालायला लावलेला: जे लिहिलं तेच धरायचं. "मला तसं म्हणायचं नव्हतं" ही पळवाट बंद!

या तिसऱ्या नियमानं बाळूकाकाचा घात केला. काकाची बोटं कांदा काढून काढून राठ झालेली, त्याला टाइप करता येत नाही. तो माझ्या दुकानात येतो, मोबाईल तोंडापुढं माव्याच्या पुडीसारखा धरतो आणि बोलतो. मोबाईल ते लिहितो. मोबाईल शिकलेला, काका राजुरीचा. 'बरूबर'चं तो 'बरोबर' करतो, 'आमी'चं 'आम्ही' करतो, सगळं नीट. फक्त एका शब्दाला अडतो. काका म्हणतो 'न्हाय'. मोबाईल लिहितो 'न्याय'!

"सरकारला अक्कल न्याय." "शेतकऱ्याला कुणी वाली न्याय." "पावणं, तुमच्यात दम न्याय."

महेशचा पुण्यातला एक मित्र ग्रुपवर होता. त्यानं मनापासून लिहिलं, "काका, प्रत्येक वाक्यात न्यायाचा एवढा आग्रह मी कुठंच पाहिला नाही. तुम्हाला सलाम!"

काका मला विचारतो, "ह्यो सलाम कशापायी?" मी म्हटलं, "राहू दे काका, चांगलं बोलतोय."

इथवर ठीक होतं. पण निर्यातबंदीवर जुंपली तेव्हा काका दुकानात उभं राहून गरजला, "निर्यातबंदी बरूबर न्हाय!" ग्रुपवर उमटलं, "निर्यातबंदी बरोबर न्याय."

रामभाऊ टपूनच बसले होते! "पावण्यांनी लेखी मान्य केलं आहे की निर्यातबंदी हा बरोबर न्याय आहे. विषय संपला."

काका नाचायला लागला. "आरं मी न्हाय म्हनलं व्हतं! ह्यानं ऐकलंय, इचारा!" मी ऐकलं होतंच. पण रामभाऊंनी नियम तीन काढला आणि ॲडमिनला आपला-परका बघता येत नाही. मी निकाल पेठच्या बाजूनं दिला.

काका आठ दिवस माझ्या दुकानात आला नाही. नवव्या दिवशी आला आणि उंबऱ्यातूनच म्हणाला, "तू राजुरीचा का पेठचा, तेवढं एकदा लेखी दे."

*

आमचे एक कोंडीमामा आहेत, माझ्या आईचे भाऊ. तिकडं भीमाशंकरच्या अंगाला डोंगरात राहतात, भात लावतात. त्यांच्या वाडीला रेंज नाही. वरच्या खडकावर चढलं की मिळते. त्यामुळे मामा दोन-तीन दिवसांनी एकदा खडकावर जातात आणि साठलेल्या सगळ्याला एकदम उत्तर देतात.

एकदा सोमवारी मी ग्रुपवर विचारलं होतं, "मामा, म्हशीला काय झालंय?" ते गेलं वाहून. बुधवारी रामभाऊ आणि काका चक्क एका बाजूला आले होते! सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांवर दोघेही तुटून पडलेले. रामभाऊंनी कळकळीनं लिहिलं, "अखेर आपल्या पुढाऱ्यांना झालंय तरी काय?"

आणि त्याच क्षणी मामा खडकावर पोचले!

"लई खाल्लंय. पोट फुगलंय. उद्यापत्तुर शेन टाकंल."

पुढाऱ्यांचा विषय तिथंच निकालात निघाला. लिहिण्यासारखं राहिलंच नव्हतं राव!

*

सारिकाला दुसऱ्यांदा दिवस गेले होते तेव्हाची गोष्ट. पहिलं बाळंतपण राजुरीला झालं, दुसरं पेठलाच करायचं तिनं ठरवलेलं. तेवढ्यात आलं चंद्रग्रहण. चंद्र ग्रहण लागलेलाच उगवणार होता, संध्याकाळी.

रामभाऊंनी आठ दिवस आधीच पत्रक काढलं: गरोदर स्त्रीनं चिरू नये, कापू नये, बाहेर बघू नये. काका उसळला, "पावणं, गेल्या ग्रहणात माझी गाय व्याली. तिनं काहीच पाळलं न्याय. वासरू ठणठणीत आहे!" मग विज्ञान आलं, त्यावरून स्त्रीचे हक्क आले, राज्यघटना आली. आठवडाभर नुसता धुरळा!

ग्रहणाच्या संध्याकाळी ग्रुपवर एक फोटो पडला. विळी, अर्धा चिरलेला दुधी आणि मागं खिडकीत तांबडा चंद्र. लग्नापासून ग्रुपवर एक अक्षर न लिहिलेल्या सारिकानं खाली लिहिलं होतं, "दुधी चिरतेय. चंद्र फार सुंदर दिसतोय. माझ्या हक्कांवर दोन्हीकडच्या वडीलमंडळींनी आठवडाभर चर्चा केली. गरोदर मी आहे. मला कुणी विचारलं?"

 मी गिऱ्हाईक सोडून स्क्रीनला डोळे लावून बसलो, आता रामभाऊ काय करणार!

रामभाऊंनी लिहिलं, "सूनबाईंचा मुद्दा लेखी असल्यामुळे ग्राह्य धरण्यात येत आहे. भाजीत मीठ बेताचे टाकणे."

काका दुकानात मांडीवर थाप मारून ओरडला, "पोरगी कुनाची हाय!" आणि तेवढ्यात खाली रामभाऊंचा पुढचा मेसेज आला, "सून कोणाची आहे!" त्या दिवशी मला दोघांचा इतका अभिमान वाटला की मी गिऱ्हाइकांना चहा पाजला.

*

आणि मग टॅरिफ आलं. अमेरिकेनं आपल्या मालावर टॅरिफ वाढवलं आणि वणवा पेठ-राजुरीच्या मध्ये लागला.

रामभाऊ म्हणाले, देशासाठी थोडं सोसायला हवं. काका त्या वेळी बागेतून थेट दुकानात आला होता, तोंड उन्हानं तापलेलं. मोबाईल धरला आणि बोलला, "दर वेळी सोसायचं शेतकऱ्यानंच का? तुम्ही एकदा तुमची पेन्शन एक्सपोर्ट करून बघा."

ना 'पावणं', ना जेवणाचं आमंत्रण. आणि नेमका त्याच दिवशी मोबाईलनं एकही चूक केली नाही! शब्द न् शब्द बरोबर उमटला.

ग्रुपवर सगळे हसले. अंगठे पडले, हसरी तोंडं पडली. रामभाऊंचं उत्तर संध्याकाळी आलं.

"श्री. बाळासाहेब यांस, आपला संदेश मिळाला. चाळीस वर्षांत मी कुणाचा एक कागद अडवला नाही. असो."

'पावणं' गेलं आणि 'श्री.' आलं.  अंगठा मीही दिला होता, तो गुपचूप काढून घेतला. काकानंही वाचलं आणि मोबाईल खिशात घातला. तेव्हापासून ग्रुपवर सामसूम. बाहेर तर कुणालाच पडता येईना!

*

सारिकाला मुलगी झाली. रामभाऊंनी ग्रुपवर बारशाचं आमंत्रण टाकलं, "समस्त राजुरीकर मंडळींनी अगत्य येणे करावे." व्याह्यांना वेगळा फोन नाही.

काका दुकानात आला. स्टुलावर बसलाच नाही. मोबाईल तोंडापुढं धरून मोठ्यानं बोलला, "मी बारशाला येनार न्हाय."

मोबाईलनं लिहिलं, "मी बारशाला येणार न्याय."

मी म्हटलं, "काका, परत न्याय लिहिलंय त्यानं. दुरुस्त करू का?"

काका स्क्रीनकडं बघत राहिला.  मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे," आणि पाठवून दिलं.

दहा मिनिटांत सारिकाचा फोन. काकाच्या न्यायाचा अर्थ आता सगळ्यांनाच पाठ होता, तिला तर लहानपणापासून! रडत होती. "दादा, ग्रहणात कुणाला न जुमानता मी दुधी चिरला. पण ह्या दोघांपुढं माझं काही चालत नाही रे. माझे आप्पाच बारशाला नाही आले, तर मी ह्या घरात कायमची दोघांच्या मध्येच उभी राहणार." मी नुसतं 'बघतो' म्हणून फोन ठेवला. ग्रुप मीच काढलेला.

बारशाच्या दिवशी काकूला आणि बाळंतविड्याची पिशवी घेऊन मी पेठला गेलो. काका सकाळीच बागेत निघून गेला होता. अंगणात मांडव, फुलं लावलेला पाळणा, बायका पाळणा म्हणतायत. कोंडीमामासुद्धा डोंगरातून आलेले. रामभाऊ सगळ्यांचं हसून स्वागत करत होते, पण दर थोड्या वेळानं नजर रस्त्याकडं. सारिकाची तर तिथून हलतच नव्हती.

बाळाची आत्या नाव सांगायला पाळण्यात वाकली आणि अंगणात मोटारसायकल थांबली.

बाळूकाका! कडक इस्त्रीची टोपी, हातात टोपडं-कुंची. पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबल्या. काका मांडवाच्या कडेलाच उभा राहिला, आत पाऊल टाकेना.

रामभाऊ पुढं आले. घसा साफ करून म्हणाले, "आपण येणार नाही, असं कळलं होतं."

"कवा म्हनलं मी?" काका म्हणाला.

"ग्रुपवर."

काकानं खिशातून मोबाईल काढला, तो मेसेज उघडला आणि त्यांच्यापुढं धरला.  "वाचा की. न्हाय कुटं लिवलंय? नियम तीन. जे लिवलं त्येच धरायचं."

रामभाऊंनी चष्मा लावला. मोबाईल लांब धरला, जवळ घेतला आणि कचेरीतला अर्ज वाचावा तसा ओठ हलवत वाचला. एकदा, दोनदा. सारिका पाळण्याची दोरी घट्ट धरून उभी. मग त्यांनी चष्मा काढला, मोबाईल काकाच्या हातात दिला आणि तो हात सोडलाच नाही. मागं वळून आपल्या मुलीला, बाळाच्या आत्याला, जोरात हाक मारली.

"थांब गं पोरी, नाव इतक्यात सांगू नको! पावणं, पुढं बसा. न्याय आलाय!"