नानांच्या वजनाची गाडी

शिंदखेड्याच्या निंबानानांचं पिंप्राळ्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. टूरिंग कारच्या शर्यतीसाठी त्यांनी तिथे दोन वर्षं खपून एक नमुना गाडी उभी केली. चारही चाकांवरचा भार जुळवायला त्यांनी केळीच्या वखारीतले वजनकाटे चाकांखाली ठेवले आणि चालकाच्या जागी स्वतः बसून स्प्रिंगा लावून घेतल्या. नाना ब्याण्णव किलोचे. गाडी चालवणार होती पुतणी भाविका, ती बावन्न किलोची.

कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी दोन हंगाम एका अंगाला झुकून धावली. नाना टायरांना शिव्या घालत राहिले. भाविका तशीच चालवत दोनदा तिसरी आली.

मग नानांच्या डोक्यात प्रकाश पडला. तोंडाने मात्र दोष टायरांचाच, असं म्हणत त्यांनी भाविकाला बसवून भार पुन्हा जुळवला. गाडी सरळ झाली आणि अकरावी आली.

शेवटच्या शर्यतीआधी भाविकानेच काटे मांडले. "नाना, माझा हात जुन्या गाडीवरच बसलाय. बसा तुम्ही."

नाना आत बसले आणि सुटलेल्या पोटावर पट्टा ओढत, कुणी विचारायच्या आत गुरगुरले, "मनं वजन पाच किलो वाढेल शे."