नायकाला खोली देणाऱ्या बाय

"या नायकाला मी खोली देनार नाय," असं म्हणून बायंनी नवी कोरी कादंबरी मिटली आणि पायरीवर बाजूला ठेवली. मी त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून येऊन जेमतेम आठवडा झाला होता. मला वाटलं, खोली बघायला आलेल्या कुणाविषयी त्या बोलताहेत. मी विचारलं, "काय केलं त्यानं?"

"काय करीत नाय, तेच तर. बायको आजारी हाय नि हा दोनशे पानं खिडकीत उभा राहून विचार करतो. असा मानूस घरात ठेवून काय करू?"

नवी मुंबईतल्या करावे गावात, सीवूड्सच्या उंच इमारतींना पाठ लावून, बायंचं तीन मजली घर आहे. खाली त्या, त्यांचा मुलगा हरेश आणि सूनबाई. वरच्या खोल्यांमध्ये आम्ही भाडेकरू. गावात लहानथोर सगळे त्यांना बाय म्हणायचे, म्हणून मीही म्हणू लागले. पण साताऱ्याकडची असल्यामुळे 'अगं बाय' काही जमलं नाही. मी 'अहो बाय' म्हणायचे आणि त्या दरवेळी हसायच्या.

माणसं पारखायचं त्यांचं माप एकच होतं, खोली. तीस वर्षं त्यांनी भाडेकरू पाहिले होते. कोण दार आपटतो, कोण आईशी फोनवर कसं बोलतो, कोण जिन्यातला दिवा बंद करतो, यावरून त्यांना माणूस कळायचा. कादंबरीतली माणसंही त्या याच मापानं मोजत. त्या सुमारास एक नवी भयकादंबरी गाजत होती. तिच्यातल्या भुताविषयी बाय म्हणाल्या, "याला खोली देईन. कचरा करीत नाय." मात्र त्याच कादंबरीतल्या घाबरट नवऱ्याला त्यांनी सरळ नकार दिला.

बाय सातवीपर्यंत शिकलेल्या. पूर्वी त्यांच्या सासरची भातशेती होती. शहर वसलं, जमीन गेली, तिच्या जागी घर उभं राहिलं आणि दुपारी हातांना काम उरलं नाही. एका भाडेकरूनं खोली सोडताना कादंबऱ्यांचं एक खोकं मागं ठेवलं. तो न्यायला येईल म्हणून बायंनी ते वर्षभर सांभाळलं. तो आला नाही, तेव्हा त्यांनी वरचं पुस्तक उघडलं. खोकं संपल्यावर त्या स्वतः चालत वाचनालयात गेल्या आणि सभासद झाल्या.

पुढे त्यांचा एक हट्ट झाला. त्यांना फक्त नुकत्याच आलेल्या कादंबऱ्या हव्या असत. मी एकदा कारण विचारलं. "जुनी पुस्तकं चांगलीच असनार," त्या म्हणाल्या. "किती मानसांनी वाचून ठेवली हायत. तिथं मी काय बोलू? नव्या पुस्तकावर अजून कोन काय बोललेलं नसतं. तिथं आपलं मत आपल्यालाच बनवावं लागतं."

आणि मत त्या बनवायच्याच. एका ऐतिहासिक कादंबरीविषयी म्हणाल्या, "राजा बायकोशीपन भाषनच करतो. बिचारी जेवायला कधी वाढनार?" आयटी कंपनीतल्या प्रेमकथेवर म्हणाल्या, "दोघांच्या हातात फोन हाय नि तीनशे पानं एकमेकांना काय ते सांगत नाय." एका रहस्यकादंबरीतला खुनी त्यांनी चाळिसाव्या पानावर ओळखला, पण राग त्याचा नव्हता. "घरात मानूस मेला. चार दिवस त्या घरात कोन जेवलं, कोनी रांधलं, एक शब्द नाय," हे त्यांना खटकलं.

सगळ्यात जास्त त्यांना आवडली ती एक विज्ञानकादंबरी. तिच्यात शंभर वर्षांनंतरची मुंबई समुद्राखाली गेलेली असते. मला वाटलं होतं, हे पुस्तक बाय चार पानांत परत करतील. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग मला बोलावून एका ओळीवर बोट ठेवलं. पाणी घरात शिरलं तेव्हा काहीच आवाज झाला नाही, असं तिथं लिहिलं होतं. "आमचा खाडीचा बांध फुटला तवा असंच झालं," बाय म्हणाल्या. "खारं पानी आवाज करीत नाय. सकाली दार उघडलं तर शेत नव्हतं. या लेखकाला कोनी सांगितलं गो?"

अशा या बाय एकदा एका कादंबरीविषयी म्हणाल्या, "बरी हाय." पुढच्या आठवड्यात दुसरीविषयीही तेच. तिसऱ्यांदा 'बरी हाय' ऐकलं तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले. ती तिसरी कादंबरी मी वाचली होती. तिच्यातला नायक असा होता, की त्याला बायंनी गल्लीतसुद्धा उभं केलं नसतं.

"बाय, तुम्ही ही वाचली नाही."

त्यांनी पदरानं चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला. "अक्षरं धुक्यात गेल्यात," त्या हळूच म्हणाल्या. "हरेशला सांगू नको."

तपासायला मीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि चांगला पिकला होता. साधं ऑपरेशन, पण बाय तयार होईनात. त्यांच्या थोरल्या बहिणीचं तसंच ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झालं होतं आणि तिचा तो डोळा कायमचा गेला होता. मी हरेशदादांना सांगितलंच. त्यांनी समजावलं, चिडले, डॉक्टरांना फोन लावून दिला. बाय एवढंच म्हणायच्या, "जेवढं दिसतं तेवढं पुरे."

मग मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांना तासभर वाचून दाखवू लागले. ऐकणाऱ्या म्हणून त्या कडक होत्या. एकदा मी निसर्गवर्णनाची तीन पानं गाळली. "पान उलटल्याचा आवाज दोनदा आला," त्या म्हणाल्या. "मागं जा." त्या दिवशी मी त्यांना शब्द दिला, की पुस्तकात आहे तेवढं सगळं वाचेन.

मग एक नवी कौटुंबिक कादंबरी आली. तिच्यात सदू नावाचा सायकल दुरुस्त करणारा म्हातारा होता. तो शेजाऱ्यांची भांडणं सोडवायचा, पोरांच्या सायकलींना स्वतःहून तेल घालायचा, आणि स्वतःचं हृदयाचं ऑपरेशन मात्र सबबी सांगून पुढं ढकलायचा. बाय त्याच्यावर जीव टाकू लागल्या. "याला खाडीकडची खोली देईन," त्या म्हणाल्या. ती घरातली सगळ्यात चांगली खोली, तिथं मी राहत होते.

सदू ऑपरेशनला तयार झाला, ते प्रकरण मी एका सोमवारी वाचलं. बाय थोडा वेळ हातातल्या बांगड्या फिरवत बसल्या. मग आत हाक मारून म्हणाल्या, "हरेश, डॉक्टरची तारीख घे." हरेशदादा हातातला घास ताटात ठेवून बाहेर आले. "सदू जातो, तर मना काय झालं?" बाय म्हणाल्या. "तो माझ्यापेक्षा भित्रा हाय."

पहिल्या डोळ्यासाठी तारीख पुढच्या गुरुवारची मिळाली. आदल्या दिवशी दुपारी ऑफिसात डबा खाऊन झाल्यावर मी शेवटचं प्रकरण चाळायला घेतलं. अडखळू नये म्हणून मी नेहमीच पुढचं आधी वाचून ठेवायचे. सदू ऑपरेशनच्या टेबलावरच जातो. प्रकरण फार सुंदर लिहिलं होतं.

वाचायचं नाही म्हटलं तर बायंना संशय येणार. वाचलं तर त्या उद्या घराबाहेर पडणार नाहीत. शेवटी मी कोरे कागद घेतले आणि त्या दुपारी ऑफिसचं काम बाजूला ठेवून दुसरा शेवट लिहिला. माझा सदू ऑपरेशन होऊन रिक्षानं घरी येतो, शेजारी जमतात, तो चहा मागतो, सगळे हसतात. कागद पुस्तकात घालून संध्याकाळी मी ते वाचलं. मध्ये दोनदा मी पाणी प्यायला थांबले.

बाय शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "शेवट कच्चा हाय."

मी कागदांसकट पुस्तक मिटलं.

"सदू घरी आला तर चहा नाय मागनार. आधी सायकली बघेल. लेखक घाईत होता वाटतं." त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "पन आला घरी, बरं झालं."

गुरुवारी मी रजा टाकली. वीस मिनिटांचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. तास उलटला तरी दार उघडेना. हरेशदादा व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि मी मनातल्या मनात स्वतःला वाटेल ते बोलत होते. या बाईला मी खोटं सांगून आत पाठवलं होतं. काही झालं तर? शेवटी नर्स बाहेर आली. भीतीनं रक्तदाब वाढला होता, तो उतरेपर्यंत थांबले होते. ऑपरेशन मात्र छान झालं. हरेशदादा मटकन बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मलाही रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बायंनी आधी छताकडे पाहिलं, मग हरेशदादांकडे, मग माझ्याकडे. "तू चष्मा लावतेस?" त्यांनी विचारलं. "कवापासून?" मी पहिल्यापासूनच चष्मा लावत होते. म्हणजे आम्ही भेटलो तेव्हाही, पुस्तक नाकाशी धरून त्या वाचत होत्या तरी, समोरच्याचा चेहरा त्यांना नीट दिसत नव्हता.

ते पुस्तक मी तातडीनं वाचनालयात परत केलं होतं. वाटलं, प्रकरण मिटलं. पण महिन्याभरानं, नवा चष्मा आल्यावर, एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर बाय पायरीवर बसून तीच कादंबरी वाचत होत्या. शेवटची चार-पाच पानं राहिली होती. त्यांनी मान वर केली नाही. मी जिना चढून खोलीत गेले आणि कपडेही न बदलता खाटेवर बसून राहिले.

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हाक आली. "खाली ये गो."

पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. "मी ऐकून मत दिलेलं. म्हटलं, आता डोल्यांनी वाचून द्यावं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वाचलास तो शेवट कोनाचा?"

"माझा."

"वाटलंच. वाईट होता." त्या जराही हसल्या नाहीत. "या लेखकाचा बरोबर हाय. सदू जानारच होता, तो सगल्या पुस्तकभर त्याचीच तयारी करीत होता. तुना दिसलं नाय?"

"दिसलं होतं. पण तुम्ही गेला नसता, बाय."

"नसते गेले," त्या लगेच म्हणाल्या. "अजून धुक्यात बसले असते. ते खरं हाय. तुझं उपकारच हायत." मग थांबून, एकेक शब्द सावकाश म्हणाल्या, "पन भ्यायचं होतं ते मना भ्यायचं होतं. ते तू मना न विचारता काढून घेतलंस. परत असं करू नको."

"नाही करणार."

"बस मग. आता खरा वाच."

"तुम्ही वाचलाय ना?"

"एकटीनं वाचला. एकटीनं वाचायसारखा नाय तो."

मी वाचायला लागले. सदूला आत नेतात तिथपर्यंत निभावलं, पुढे आवाज फुटेना. गेल्या महिन्याभराचं सगळं ओझं त्या ओळीवर येऊन सुटलं आणि मी पुस्तक धरून हुंदके देत बसले. बायंनी ते माझ्या हातातून घेतलं, नवा चष्मा नाकावर चढवला, ओळीखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचू लागल्या. सातवीतल्या मुलीसारख्या, सावकाश. छापलेला प्रत्येक 'ण' आणि प्रत्येक 'ळ' नीट उच्चारत. सदू गेला. बायंनी शेवटची ओळ संपवली, पुस्तक मिटलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं आणि आम्ही उरणजवळ द्रोणागिरीला राहायला गेलो. माझ्या खोलीत दुसरी भाडेकरू आली. बायंची मतं आता फोनवर ध्वनिमुद्रित होऊन येऊ लागली. दुसरा डोळा राहिला होता. त्यासाठी कुणी काही समजावलं नाही, त्यांनी स्वतः तारीख घेतली आणि मला फक्त कळवलं, "यायचं तर ये."

मी सकाळीच पोचले. बाय दवाखान्यात बाकावर बसून एक नवीन जाडजूड कादंबरी वाचत होत्या, अर्ध्याच्या थोड्या पुढे. नर्सनं नाव पुकारलं, तसं त्यांनी पानात बसचं तिकीट घातलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

"भीती वाटते का?" मी विचारलं.

"वाटते ना," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी पुस्तक मांडीवर घेऊन बसले. त्यात पुढं काय होतं ते मला माहीत नव्हतं आणि मी ते उघडलं नाही. या वेळी खरोखरच वीस-पंचवीस मिनिटांत दार उघडलं. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसरा टक्क उघडा ठेवून बाय बाहेर आल्या, हरेशदादांचा आधार बाजूला सारला आणि माझ्यापुढे हात पसरला.

"दे इकडं."