जावेसाठी भरलेली सॅक

बाळांनो, धाकट्या आजीचा तो बर्फातला फोटो तुम्ही दोघांनी आपापल्या फोनवर लावल्याचं तुमच्या आईने मला कौतुकाने सांगितलं. मीही कौतुकाने ऐकलं. निदान आवाज तसा ठेवला. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, हे आताच लिहून काढावं. पुढे कधी तुम्ही ही हकीकत तुमच्या मुलांना सांगाल, तेव्हा तिच्यात एकच आजी उरेल. मुळात दोन होत्या. फोटोतलं निळं जाकीट दुसरीचं, म्हणजे माझं आहे.

क्रमाने सांगते. यवतमाळात आमचा निवृत्त शिक्षिकांचा एक गट आहे. केळापूरकडच्या तांड्यांवरून मुली हायस्कुलात पायी येतात. त्यांच्यासाठी एक गाडी घ्यायचं आम्ही ठरवलं. हिमाचलातली एक उंच खिंड चढायची आणि त्या निमित्ताने ओळखीपाळखीच्या लोकांकडून देणग्या मागायच्या. ही कल्पना माझी होती. हे वाक्य मुद्दाम लिहिते आहे, कारण नंतरच्या एकाही भाषणात ते कोणी उच्चारलं नाही.

मला त्यातून काय हवं होतं तेही सांगते. वर्गात मी आयुष्यभर मुलांना इंग्रजीतून बर्फाचे धडे शिकवले, बर्फावर निबंध लिहायला लावले. स्वतः पाहिला तो फक्त फ्रीजमधला. एकदा त्यावर पाय ठेवायचा होता.

सोबत हवी म्हणून फुलसावंगीहून धाकट्या जावेला, म्हणजे तुमच्या धाकट्या आजीला, मीच बोलावून घेतलं. शेत माझ्या दिरांवर सोपवून ती हौसेने आली. लोहाऱ्याच्या पलीकडच्या टेकडीवर रोज सकाळी आमचा सराव सुरू झाला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये तूरडाळीच्या पिशव्या. मी ट्रॅक पँट, टोपी आणि दोन काठ्या अशा थाटात. ती खोचलेलं लुगडं आणि कॅनव्हासचे बूट अशा. चढताना बोलता येत असेल तर वेग योग्य आहे, असं मी वाचलं होतं. मला बोलता येत नव्हतं. ती मात्र पायथ्यापासून माथ्यापर्यंत सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलत होती.

मी थांबले की ती मागे वळायची. "बाई, दमल्या काय?"

"नाही. निसर्ग बघते आहे."

"मंग पाहा बाप्पा. मी थांबून राह्यली."

गटातल्या सगळ्यांना ती लगेच आवडली. माझ्याशी अजून 'अहो मॅडम' करणाऱ्या बायका तिच्या डब्यातली भाकर तोडून खायला लागल्या. मी माझा उकडलेल्या हरभऱ्याचा डबा उघडायची आणि परत लावायची.

मग डॉक्टरांचं प्रमाणपत्र. डॉक्टर माझाच जुना विद्यार्थी. त्याने माझा रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजला, ट्रेडमिलवर चालवलं, कागदाची पट्टी उजेडात धरून पाहिली.

"मॅडम, टेकडी रोज चढा. इतक्या उंचीवर मी तुम्हाला पाठवणार नाही."

ह्या मुलाला व्याकरण मी शिकवलं होतं. वाक्य त्याने असं बांधलं की शिरायला कुठे फट नव्हती. मग जावेला तपासून तो म्हणाला, "काकू, तुम्ही तर पळत जाल." तिने पदर तोंडाशी नेला, पण डोळे हसत होते. परत येताना ऑटोत आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो.

माझं जाणं रद्द झालं. माझं सामान मात्र जाणार होतं. सॅक माझी, काठ्या माझ्या, आत पिसं भरलेलं निळं जाकीट माझं. बूट तेवढे तिला झाले नाहीत, आणि ह्याचा मला आनंद झाला. बाहेर ऊन असं की दुपारी कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली, आणि आमच्या हॉलमध्ये ती कूलरसमोर जाकीट घालून उभी.

"कशी दिसून राह्यली?" तिने विचारलं.

"एकदम फौजी," तुमचे आजोबा म्हणाले. उभ्या संसारात त्यांनी मला कधी फौजी म्हटलं नव्हतं.

कपड्यांची माहिती इंग्रजीत होती, म्हणून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी नीट सांगितलं: आधी बेस लेयर, त्यावर लोकरीचं, त्यावर जाकीट. तिने मान डोलावली आणि सॅक स्वतःच भरली. निघायच्या आदल्या दिवशी मी ती तपासायला उघडली. बेस लेयरचे, म्हणजे अंगालगत घालायच्या उबदार कपड्यांचे, दोन्ही जोड सगळ्यात तळाशी होते, जुन्या मलमलीत बांधलेले, घडीत डांबरगोळ्या.

"हे खाली काहून ठेवलं?" रागात माझ्या तोंडी तिची भाषा येते.

"ते बेस हाय म्हनलं ना तुमी. मंग रोज घालून कायले खराब कराव? वर पोचली का घालीन, फोटोले."

इंग्रजीत बेस म्हणजे पाया, आपल्याकडे बेस म्हणजे छान, उत्तम. माझ्या इंग्रजीतल्या पायाचं तिने ठेवणीतलं लुगडं करून टाकलं होतं. मी हसले. जरा जास्तच वेळ हसले. बऱ्याच दिवसांत तिच्यावर हसायला काही मिळालं नव्हतं.

"हसा, हसा. तिथं थंडीनं गोठली असती तं तुमीच पयल्या रडल्या असत्या." मग ती सॅकजवळ फरशीवर बसली. "बाई, तुमच्या मनात काय चालून राह्यलं ते मले दिसते. तुमी म्हना, नको जाऊ. नाही जात मी. सरकी लावाची हाय म्हनून सांगून देईन."

कोणी शंकाही घेतली नसती. ती राहिली असती तर मला बर्फ मिळणार नव्हताच, पण तिलाही मिळणार नव्हता. ही बेरीज मला त्या वेळी फार बरी वाटली. जीभ उचलायचा अवकाश होता. मी डांबरगोळ्या वेचून बाजूला ठेवत राहिले, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"फुलसावंगीच्या लोकांनी तुझ्याकडे बघून देणग्या दिल्यात," मी शेवटी म्हणाले. "पोरींची गाडी अडेल."

"गाडीचं नाही इचारलं. तुमचं इचारलं."

"मला नाही आवडत तू जातेस ते. जा."

"दोन्ही एकदम?"

"दोन्ही. आणि हे आतून घालायचं. पहिल्या दिवसापासून, रोज."

"रोज? मंग धुवाचं कवा?"

"धुवायचं नाही."

"श्शी, मायबाई!"

सॅक मग मी पुन्हा भरली. लोकर, मोजे, औषधं, वर लागणारं वर. इतकी चांगली सॅक त्या गटात दुसऱ्या कोणाची नव्हती, हे मी पैजेवर सांगते.

ती चढली, उतरली, नाकाचं साल काढून परत आली. सत्कार झाला. घरी चहा पिताना मी विचारलं, "बर्फ कसा असतो गं?"

ती जरा विचारात पडली. "थंडा," म्हणाली.

एवढंच. मी कप उचलून मोरीत नेऊन ठेवला, कारण मला तिथे बसवत नव्हतं. माझ्याजवळ बर्फासाठी पन्नास शब्द तयार होते आणि पाय ठेवायला जागा नव्हती. तिच्याजवळ एकच शब्द होता, आणि ती जाऊन आली होती.

गाडी आली, मुलींना घेऊन रोज शाळेला जाते. आम्हा जावांचं बोलणंचालणं नीट आहे. हेवाही अजून आहे.