पट्टीमामांची हलती कार्डं

लग्नाला बोलावलं तर पट्टीमामा यायचे नाहीत, पण लग्नाची पत्रिका मात्र हक्काने मागून न्यायचे. नवरदेवाची हळद उतरायच्या आत दारात हजर! "तुमचं काम झालं ना? मंग द्या इकडं." जाड, गुळगुळीत कागद असला की तो बोटांनी चोळून बघायचे आणि "लगीन बरं झालं असंल" असा निकाल देऊन मोकळे व्हायचे. पत्रिकेवरच्या गणपतीवर मात्र त्यांनी कधी कात्री चालवली नाही. त्याच्या भोवतीने कापून ते तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर चिकटवायचे. असे शंभरेक गणपती धुराने काळे होऊन आमच्या आमटीवर लक्ष ठेवून असत.

मामा आश्रमशाळेत स्वयंपाकाला होते आणि मी मराठी शिकवायला. आमची शाळा खोडाळ्याच्या पुढे, उघड्या माळावर. दिवाळी झाली की निम्म्या पोरांचे आईबाप भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे. शिमग्याला चार दिवस यायचे, परत जायचे, ते पार पावसाच्या तोंडावर उगवायचे. पोरं वसतिगृहात. पत्र पाठवावं तर आईबापांना वाचता येत नाही, आणि फोन असलाच तर मुकादमाकडे. म्हणून मामा जुन्या पत्रिकांची हलती कार्डं करायचे. कागदाला दोन चिरा द्यायच्या, त्यांतून एक पट्टी सरकवायची, सांध्याला दोऱ्याची गाठ, चिकटवायला भाताची खळ. पट्टी ओढली की चित्र हलायचं. पोरांनी त्यांचं मूळ नाव कधीच विसरून टाकलं होतं.

मामांना स्वतःला अक्षर येत नव्हतं आणि त्याचं त्यांना काडीचं दुःख नव्हतं. उलट मलाच शिकवायचे. "पोरगा वाढला हे लिवून काय कळनार, बाई? वढा पट्टी." ओढली, की कागदाचा पोरगा वर वर सरकायचा आणि त्याचं डोकं दाराच्या चौकटीला टेकायचं. एका पोरीच्या घरची कोंबडी शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती, तर आईला तिची खुशाली कळावी म्हणून मामांनी दाणे टिपणारी कोंबडी केली. तव्याचे चटके खाऊन राठ झालेली ती बोटं. त्यांना पोरांच्या शर्टाची बटणं धड लावता येत नसत, ती कोंबडीची चोच कशी कापत, देव जाणे.

त्यांचा एकच नियम होता. "पट्टी वढली की बरंच झालं पायजे." शर्ट फाटला असेल तर पट्टी ओढल्यावर नवा शर्ट दिसला पाहिजे. पोर रडत असेल तर ओढल्यावर हसलं पाहिजे. मी एकदा चिडून म्हटलं, "मामा, नवा शर्ट आहे कुठे? खोटं कशाला कळवायचं?" तर चुलीत लाकूड सारत म्हणाले, "तिकडं विटा थापून हात सोलतात त्यांचं. मालक मधीच सोडत नाय. हिकडून रड धाडली तर ती ठेवतील कुठं?" मी वर्गावर निघून गेले. खरं तर तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

जनी चौथीत होती. अबोल पोर. वर्गात हजेरीला "हजर" म्हणायची तेसुद्धा कुजबुजल्यासारखं. संक्रांत झाली आणि तिला ताप आला. दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या, उतरला. पुन्हा चढला. तिसऱ्या दिवशी तिने मला हाताला धरून सांगितलं, "बाई, आयसला बोलवा." मी मुकादमाला फोन लावला. बंद. संध्याकाळी लावला, बंद. सकाळी जीप मोखाड्याला जाणार होती, तिथून भट्टीचा माल नेणारा ट्रक. कार्डं नेहमी तशीच जायची. मी मामांना म्हटलं, "जनीचं करा. आईबाप लगेच आले पाहिजेत."

मामा चुलीपुढे बसले आणि भाकऱ्या होता होता कार्ड झालं. गोधडीवर निजलेली जनी, कपाळावर ओली पट्टी. आणि कागदाची पट्टी ओढली की जनी उठून बसायची, दोन्ही हात वर करून! "तुमी या, मंग ती अशी उठंल," मामांनी मला अर्थ सांगितला. जनीने स्वतः दोनदा ओढून बघितलं आणि हसली. मीही म्हटलं, "छान झालंय." सोबत मुकादमाने वाचून दाखवावी अशी चार ओळींची चिठ्ठी जोडायची माझ्या मनात होती. पण सकाळी जीपवाला हॉर्न वाजवत होता, मी म्हटलं, तोंडी निरोप आहे ना. "लगेच या म्हणावं," एवढं त्याला सांगितलं. निरोप मोखाड्यातच गळाला. भट्टीवर पोचलं ते फक्त कार्ड.

पुढचे पाच दिवस मी जन्मात विसरणार नाही. जनीला रस्त्याच्या बाजूच्या खिडकीपाशी निजवलं होतं. जीपचा आवाज आला की मान उचलायची. मामा हातातलं टाकून फाटकापर्यंत जायचे, परत यायचे आणि तिला म्हणायचे, "पुढच्या गाडीला हायेत." पाचव्या दिवशी तिला शुद्ध राहिली नाही. मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मुकादमाचा फोन त्याच दुपारी लागला. मेला लागला तोही त्याच दुपारी!

दिवस झाल्यावर बाप शाळेत आला, जनीची पेटी न्यायला. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. मी तिथेच होते. रागावला नाही, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मामा, आमी रोज उठवत व्हतो तिला. कामावरनं आलं की तिची आयस पट्टी वढायची. आजारी व्हती, आता उठून बसली, पोर बरी झाली, म्हनायची. मंग आमी म्हनलं, आता शिमग्यालाच जाऊ."

मामांच्या हातात परातीतलं पीठ तसंच होतं. बाप गेल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मीच अडवलं त्यांना, बाई." मी म्हणायला हवं होतं, नाही मामा, ते कार्ड मीही पाहिलं होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या, पीठ वाळतंय."

आठवड्याने ते पाटी घेऊन माझ्या खोलीवर आले. साठीचा माणूस, पायरीवर पोरासारखा बसला. "मला 'या' लिवायला शिकवा. दुसरं काय नको." मी म्हटलं, "मामा, त्यांना वाचता कुठे येतंय?" "नाय येत. पन चित्रात अक्षर दिसलं तर ते कुनालातरी इचारायला जातील ना?" मी त्यांचा हात धरून गिरवून घेतलं. पेन्सिल तीनदा मोडली. त्यानंतर ज्या कार्डाने खरंच बोलवायचं असेल त्या प्रत्येकावर, कोंबडीचं असो की शर्टाचं, ते वेडंवाकडं 'या' असायचं. एका पोराचे आईबाप त्याच्यावरून तिसऱ्या दिवशी धावत आलेले मी पाहिले आहेत. मामांनी त्यांना आधी जेवायला वाढलं, मग मागच्या पडवीत जाऊन बराच वेळ रडले.

गेल्या पावसाळ्यात जामसरला, लेकीच्या घरी, मामा वारले. जनीचे आईबाप आले नाहीत ते एकट्या आपल्यामुळे, असंच त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं. चिठ्ठी लिहिणं माझं काम होतं. ते कार्ड जाण्याआधी पाहिलेलं शिकलेलं माणूस मी एकटीच होते, आणि मी "छान" म्हटलं होतं. हे त्यांना सांगायला मला चांगली तीन वर्षं मिळाली. रोज त्यांच्या हातचं जेवत होते. नाही सांगितलं.