मडक्यात डोकं घालणारा पाहुणा

मानवतला माझं परवान्याचं शिंदीचं दुकान होतं, हमाली करून उभं केलेलं. एका उन्हाळ्यात शिंदीला दवाखान्यासारखा वास यायला लागला आणि गावाने ठरवून टाकलं की मी नशेसाठी औषध मिसळतो. मी झाडं छेदून शिंदी काढणाऱ्याशी भांडलो, गिऱ्हाइकांशी भांडलो. दुकान ओस पडत चाललं.

अशात पालमच्या एसटीची वाट बघणारा एक म्हातारा आत आला. त्याने पेला तोंडाला लावलाच नाही. थोडी शिंदी तळहातावर ओतली, हात चोळले, नाकाशी धरले. मग उठून शिंदी साठवायच्या एका रिकाम्या मडक्यात थेट डोकं घातलं.

"ओ पाव्हणं, प्यायची तर प्या, न्हाई तर चालू लागा!" मी खेकसलो.

मडक्यातूनच आवाज आला, "शेट, मडकी कुठं धुता?"

"समोरच्या आडावर."

"पटकीच्या भीतीनं आडात जंतू मारायची पावडर टाकली न्हवं? मातीचं मडकं लय पाणी पितं. तोच वास शिंदीत उतरायलाय." डोकं बाहेर काढून तो हसला. "स्टँडवर ऐकलं, साऱ्या गावाशी भांडलात शेट. मडकं तेवढं तपासायचं राहिलं."

पेला तसाच ठेवून तो एसटीकडे पळाला.

मी सगळी मडकी फोडली. नवी आणून मळ्यातल्या विहिरीवर धुतली. वास गेला, गिऱ्हाईक परतलं. आरोप करणाऱ्या एकानेही शब्द मागे घेतला नाही, ते मी विसरलेलो नाही. पण आजही काही बिघडलं की मी आधी मडक्यात डोकं घालतो. ओरडायचं ते नंतर, आणि नेमक्या माणसावर.