फुटक्या डोळ्याचा राक्षस

हल्ली घासाघीस करायचाही कंटाळा येतो. पूर्वी मात्र मालेगावात तंबूतला सिनेमा आला की मी राक्षसांचा एकही खेळ सोडत नसे. पोळ्याचे बैल घडवणारी एक कुंभारीण ते खेळ पाहून त्यातली भुतं मला मातीत करून देई. माझ्या दुकानाच्या फळीवर अशी अकरा जमली होती.

बारावा, फुटक्या डोळ्याचा राक्षस, इतका जिवंत उतरला की तो मला हवाच होता. पण हवी ती वस्तू नावं ठेवूनच घ्यायची, याच सवयीवर मी हातगाडीवरून दुकानापर्यंत आलो होतो.

"सिनेमात फुटका डोळा उजवा होता. तू डावा केला. अर्ध्या भावात दे."

"म्या पाह्यला ना, डावाच व्हता."

"आंधळी हायेस काय?" मी ओरडलो.

तिनं ओला राक्षस उचलून मातीच्या गोळ्यात दाबून टाकला.

घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, "तंबूत आमी बाया पडद्यामागं बसतो. आमाले सारं उलटंच दिसते."

दुसऱ्या दिवशी जाऊन मी चूक कबूल केली, पुरा भाव देऊ केला.

"आता बैल करून राह्यली, भाऊ. अन् तुमाले राक्षस कायले पाह्यजे? आरशात पाहा ना."

शेजारच्या बाया हसल्या. ते हसू मी अजून विसरलो नाही. पुन्हा तिच्या दारी गेलो नाही, आणि तसा राक्षस दुसऱ्या कुणाला जमला नाही.